काचेमागची तीन पानं

१४ ऑगस्ट

ती. आप्पांना,
सा. न. वि. वि.

पत्राला तीन आठवडे उशीर झाला. कान माझे मीच धरले आहेत, तेव्हा तुम्ही पुन्हा धरू नका. फोन तुम्हाला ऐकू येत नाही, आणि दादाकडे निरोप दिला की तो अर्धा गाळून सांगतो. म्हणून पत्रच बरं.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, एका शिवणकाम करणाऱ्या मावशींकडे. त्यांचं मशीन चालू झालं की माझी भिंत थरथरते. शेजारच्या भाडेकरूला याचा फार त्रास होतो. मला मात्र झोप चांगली लागते. लहानपणी तुमच्या गिरणीतल्या मागखात्याला लागून घर होतं, तेव्हाची सवय असणार.

आता कामाचं. दोन पाहुण्या भूमिका झाल्या. पाहुणी भूमिका म्हणजे एका भागापुरतं काम. मालिका त्यांची, घर त्यांचं, भांडणं त्यांची. आपण एक दिवस जायचं, रडायचं किंवा मरायचं, आणि निघायचं. गुप्तहेराच्या मालिकेत मी छत्री विसरणारी बाई होते, तो भाग होऊनही गेला. येत्या गुरुवारी वकिलांच्या मालिकेत साक्षीदार आहे. पाच वाक्यं आहेत आप्पा, मोजून घ्या. सकाळी सहाला बोलावलं आणि दुपारी चारला पिंजऱ्यात उभं केलं. जमिनीवर चिकटपट्टीची खूण असते, तिच्यावर खाली न बघता बरोबर पाय पडावा लागतो. पहिल्यांदा मी खाली बघितलं आणि सगळ्यांना पुन्हा करावं लागलं. नंतर दारापासून पावलं मोजून ठेवली. अकरा.

ग्रंथपालांनी दिलेली वर्षाची बिनपगारी रजा एकतीस मेला संपते. पंधरा वर्षांची नोकरी टांगून मी एकोणचाळिसाव्या वर्षी इकडे आले, हे तुम्हाला पटलेलं नाही. निघताना तुम्ही काही बोलला नाहीत, पण माझ्या बॅगेचा पट्टा ज्या जोराने आवळलात त्यावरून समजायचं ते समजले. तरी गुरुवारी बघा. दादाला आणि वहिनीला नमस्कार.

राग असला तरी लोभाला धक्का लागू देऊ नका, एवढीच विनंती.

तुमची,
टिचकी

---

२५ ऑगस्ट

चि. टिचकीस,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी बघितलं. वकिलांचं बोलणं सगळं दिसलं. न्यायाधीश मिशीमुळे अर्धा दिसला. तुझी पाच वाक्यं होती म्हणतेस, मला दीड दिसलं.

बत्तीस वर्षं मागखात्यात काढली. तिथे चारशे माग एकदम चालायचे. कानाचं काम पहिल्या दहा वर्षांतच संपलं. पण आम्ही बोलायचं काही थांबवलं नाही. मी माझ्या मागावरून सहाव्या रांगेतल्या माणसाला त्याच्या बायकोची तब्येत विचारायचो आणि त्याचं उत्तर मला दिसायचं. तेव्हा कुणाचं तोंड हलतंय आणि कुणाचं बोलतंय, हे मला शिकवू नकोस.

तुझं फक्त हलतंय. पंधरा वर्षं ग्रंथालयात कुजबुजलीस त्याचा हा परिणाम. शब्दाची सुरुवात करतेस आणि शेपूट गिळतेस. ओठ मिटायचे तिथे मिटत नाहीस. साक्षीदार बाई खरं बोलत होती की खोटं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तुझ्या वहिनीने मागून लिहून दिलं तेव्हा कळलं.

तू गेलीस तेव्हा मी बोललो नाही, कारण माझा आवाज मला मोजता येत नाही. ओरडलो असतो तर सगळ्या जिन्याने ऐकलं असतं. आता लिहितो. मला हे मान्य नाही. पेन्शनीची नोकरी सोडून लोकांच्या मालिकांमध्ये छत्र्या विसरायच्या, हे काही काम नव्हे. पण तू हट्टी आहेस आणि ते कुणाकडून आलं ते मला माहीत आहे. म्हणून अट घालतो. एक अख्खा प्रसंग मला दिसला पाहिजे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, काही न गळता. दिसला तर मी पुन्हा नोकरीचं नाव काढणार नाही. नाही दिसला तर एक जूनला मुकाट्याने ग्रंथालयात.

जेवण वेळेवर घे. मावशींचं मशीन अडखळत असेल तर तेल कुठे घालायचं ते उलट टपाली विचार.

आशीर्वाद आहेतच, मागायची गरज नाही.

आप्पा

---

९ ऑक्टोबर

ती. आप्पांना,
सा. न. वि. वि.

तुमची अट मान्य. पत्र कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे, रोज कपडे काढताना दिसतं.

आता एक गोष्ट सांगते, ती ऐकून घरात दंगा होणार आहे. रुग्णालयाची जी मालिका तुम्ही सगळे आठ वाजता बघता, तिच्यातून मला बोलावणं आलं होतं. हे मी दादाला उत्साहाच्या भरात फोनवर सांगून बसले. काम परिचारिकेचं. “डॉक्टर, रक्तदाब उतरतोय,” आणि मग “हो, डॉक्टर.” एवढंच. मी नाही म्हणाले.

डोकं फिरलेलं नाही माझं. या धंद्यात एक रीत आहे. ज्या मालिकेत एकदा चेहरा दिसला, तिथे पुढची दोन वर्षं दुसरं काम मिळत नाही. बघणारे म्हणतात, ही तर परवा परिचारिका होती, आज हिचा नवरा कसा वारला? चालतील अशा मालिका सहा आहेत. तीन मी वापरून बसले, छत्र्या विसरण्यात, साक्षी देण्यात आणि परवा एका लग्नात अक्षता टाकण्यात. उरलेल्या तिघींत ही एकच अशी आहे की जिच्यात पाहुण्याला दोन-दोन, तीन-तीन पानांचा प्रसंग देतात. तिथे मी “हो, डॉक्टर” म्हणून आले, तर तुमची अट पुरी करायची जागाच शिल्लक राहत नाही.

सहाही मालिकांचे पाहुणे कलाकार निवडणाऱ्या बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, दारात शंभर जणी उभ्या आहेत. मी म्हणाले, मलाही त्या शंभरांत उभं राहू द्या, पण मोठ्या कामासाठी. त्यांनी माझ्या नावापुढे पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. काय ते उलटं वाचता आलं नाही.

वहिनीची समजूत तुम्ही काढा. तुमचं ती ऐकते, कारण तुम्हाला उलट बोलून उपयोग नसतो.

माया पातळ होऊ देऊ नका.

टिचकी

---

१७ ऑक्टोबर

चि. टिचकीस,
अनेक आशीर्वाद, आणि त्यातले निम्मे मागे घेतलेले.

तुझ्या वहिनीने ही बातमी कुणाकुणाला सांगितली होती याची यादी द्यायची तर कागद पुरायचा नाही. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिका, त्यांची बहीण, दूधवाला, माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमधले सगळे शिकाऊ. एक जण तर चौकात डावीकडे वळता वळता विचारत होता, बहीण कधी दिसणार म्हणून. पुढची रिक्षा थोडक्यात वाचली. आता मी लोकांना काय सांगू? मिळालेलं काम हिने नको म्हटलं, असं? तसं सांगितलं की लोक मान हलवतात आणि मनात म्हणतात, मिळालंच नसेल.

मला तुझं गणित कळतं गं, पण गणित बरोबर आलं म्हणून पोट भरत नाही. अशी किती दिवस दारात उभी राहणार? तुझी जागा तात्पुरती भरली आहे, तो मुलगा कायम व्हायला टपलाय, हे ग्रंथपाल मला स्वतः म्हणाले.

आप्पांनी तुझं पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं, आता आवाज चढणार, म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या. त्यांनी नुसता कागद मागितला. सोबत जोडलाय.

वहिनी रुसली आहे, पण तुझा स्वेटर विणायचा थांबवलेला नाही. यावरून काय ते समज.

तुझा,
दादा

*(त्याच पाकिटात)*

चि. टिचकीस,
अ. आ.

नाही म्हणालीस ते बरोबर केलंस. म्हणजे अट मागे घेतली असं समजू नकोस.

खात्यात नवीन माणूस आला की आम्ही त्याला आठवडाभर बोलायला शिकवायचो. एक, ओठ फार ताणायचे नाहीत. ताणलेलं तोंड माकडासारखं दिसतं आणि वाचताही येत नाही. दोन, घाई नाही. एक शब्द पुरा झाल्यावरच दुसरा. आणि ज्याच्याशी बोलतोस त्याच्याकडे तोंड ठेवायचं, मान वळली की बोलणं गेलं. आवाज काढायचाच, नुसते ओठ हलवणारा माणूस खोटा दिसतो. बोलताना मनात खरंच काहीतरी सांगायचं असलं पाहिजे. सहाव्या रांगेपर्यंत उगाच कुणी बोलत नाही.

आरशासमोर शिकू नकोस, आरसा सगळं मान्य करतो. माणूस शोध.

आप्पा

---

२० मार्च

ती. आप्पांना,
सा. न. वि. वि.

मिळाला. तीन पानांचा प्रसंग, रुग्णालयाच्या मालिकेत. हे वाक्य आधी लिहिलं, म्हणजे तुम्हाला चष्मा पुसून पुढे धावत यायला नको.

मधल्या चार पत्रांत मी हवापाण्याचंच लिहिलं, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. पोलिसांच्या मालिकेत एकदा प्रेत झाले. त्यातही शिंक आली आणि मला दुसऱ्यांदा मरावं लागलं. बाकी दर सोमवारी दहा वाजता निवडीच्या बाईंच्या दारातल्या बाकावर जाऊन बसायचं, आणि काही नाही म्हटलं की उठायचं, असे एकोणीस सोमवार. सातव्या सोमवारी त्या म्हणाल्या, येत नका जाऊ, काही असलं तर कळवू. मी हो म्हणाले आणि आठव्या सोमवारी गेले. बाराव्या सोमवारी त्यांच्या शिपायाने न विचारता पाणी आणून दिलं.

माणूस शोध म्हणालात, तो घरातच सापडला. मावशींचं मशीन चालू असताना मी समोर बसून बोलायचं, आणि त्यांना किती कळलं ते त्यांनी सांगायचं. पहिल्या दिवशी मी विचारलं, खिडकी उघडू का, आणि त्यांनी मला कात्री दिली. महिनाभर कात्र्याच मिळत होत्या. डिसेंबरात पहिलं अख्खं वाक्य पोहोचलं. आता त्या पायाची गती कमी न करता मला भाजीचा भाव सांगतात आणि मी घासाघीस करते.

विसाव्या सोमवारी बाई स्वतः बाहेर आल्या. ठरलेल्या बाईंचं आणि निर्मात्यांचं बिनसलं होतं आणि चित्रीकरण चार दिवसांवर होतं. भूमिका अशी: भावा-बहिणीचं बारा वर्षं बोलणं नाही. भाऊ अपघातात सापडून बेशुद्ध आहे. बहीण येते आणि त्याच्या उशाशी बसून बोलते. तो काही ऐकत नाही, तरी बोलते. तीन पानं, आणि बोलणारी मी एकटी.

दिग्दर्शकांनी कॅमेरा खोलीच्या बाहेर ठेवला, मोठ्या काचेमागे. माझ्या गळपट्टीत छोटा माइक. पहिला प्रयत्न त्यांना आवडला, दुसराही आवडला. तिसरा मी मागून घेतला. तिसऱ्याला मला मनातून ठाऊक होतं की हे सहाव्या रांगेपर्यंत जाणार. झाल्यावर पांघरुणात बेशुद्ध पडलेल्या नटाने डोळे पुसले, आणि त्याच्यावर ओरडायलाही कुणी धजलं नाही.

चोवीस एप्रिलला आठ वाजता. वहिनीला म्हणावं, आता कुणाकुणाला सांगायचं त्यांना खुशाल सांग. खुर्ची टीव्हीजवळ ओढून बसा आप्पा. मी माझं काम केलं आहे, आता तुमचे डोळे.

आशीर्वाद द्या, यावेळी मागतेच आहे.

टिचकी

---

२१ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र वेळेत पोहोचावं म्हणून जलद टपालाने टाकते आहे. फोन केला असता, पण मला धड बोलता येणार नाही.

आज संकलकांच्या खोलीत गेले होते, माझा भाग बघायला मिळतो का म्हणून. त्यांनी दाखवला. प्रसंग आहे, सगळाच्या सगळा, एक क्षणही कापलेला नाही. पण माझा आवाज काढून टाकला आहे. त्यावर गाणं आहे. काचेबाहेर मालिकेचा मोठा डॉक्टर उभा आहे, त्याला स्वतःची बहीण आठवते, ते गाणं त्याचं आहे. मी आत तीन मिनिटं तोंड हलवते आणि कुणालाही काही ऐकू येत नाही. संकलक बिचारे भले माणूस. म्हणाले, फार सुंदर दिसता तुम्ही. मी आभार मानून जिना उतरले.

दादा, लोकांना गोळा करू नकोस. वहिनीला सांग, तारीख बदलली म्हणून, काहीही सांग. लोक म्हणतील, वर्ष घालवून शेवटी मुकी झाली. आप्पांनी बघितलं तर बघू दे. त्यांना आवाजाशी देणंघेणं नाही, पण बाकीच्यांची तोंडं बघून ते ओळखतील की काहीतरी फसलं आहे. त्यांना ती शरम नको.

वीस सोमवार मी रडले नव्हते, आज मावशींच्या कापडावर रडले. सहापैकी चांगली मालिका हीच होती, आणि ती आता गेली. एक जूनला हजर होते, असं ग्रंथपालांना पत्र लिहून ठेवलं आहे. पाकिटात घातलंय, टाकलेलं नाही. तू होय म्हण, म्हणजे टाकते.

तुझी,
टिचकी

---

२६ एप्रिल

चि. टिचकीस,
अ. आ.

तुझं जलद टपाल पंचवीस तारखेला दुपारी आलं, म्हणजे सगळं होऊन गेल्यावर. तेव्हा जे झालं ते क्रमाने सांगतो, आणि मधे तू रडू नकोस.

घरात एकवीस माणसं होती. शिक्षिका, त्यांची बहीण, दूधवाला सपत्नीक, माझे शिकाऊ, जिन्यात उभे राहिलेले वेगळे. आप्पा खुर्ची ओढून टीव्हीपासून दोन हातांवर बसले होते. तू काचेमागे आलीस. वहिनीने आवाज वाढवला आणि गाणं सुरू झालं. आम्ही वाट बघतोय, आता संपेल, आता ही बोलेल. संपेना. वहिनीचा चेहरा उतरला. शिकाऊ एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी मागून म्हणालं, काय बोलते ते कळतच नाही. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

आणि आप्पा बोलायला लागले.

तुला माहीत आहे, चार माणसांत ते बोलत नाहीत, आवाज वेडावाकडा जातो म्हणून. त्या दिवशी त्यांना माणसांचं भान नव्हतं. तुझ्याकडे बघत ते तुझं एकेक वाक्य मोठ्याने म्हणत होते. “बारा वर्षं झाली, तुझा सदरा अजून माझ्या कपाटात आहे.” तू थांबायचीस तिथे थांबत होते. “तू बोलला नाहीस, म्हणून मी बोलले नाही. दोघंही शहाणे.” मी पुढे होऊन गाण्याचा आवाज बंद केला. मग नुसती तू आणि आप्पांचा तो खरबरीत आवाज. शेवटाकडे तू पाणी घ्यायला वळलीस तेव्हा ते जरा अडले आणि मग म्हणाले, “माझं चुकलं.” तिथे वहिनीला हुंदका आवरला नाही. त्या सगळ्या प्रसंगातलं तेच वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, कुणी लिहिलंय त्याला माझा नमस्कार सांग. मग “ऊठ. भांडायला तरी ऊठ,” आणि संपलं.

तीन मिनिटं, टिचकी. आवाज खाली गेला की वर गेला, त्यांचं त्यांना कळत नव्हतं. शेजारच्या इमारतीतल्या लोकांनीही ऐकलं.

मग ते उठून आपल्या खोलीत गेले आणि दार लावलं. कुणी चहाही घेतला नाही. शिक्षिका जाताना वहिनीचा हात धरून उभ्या राहिल्या. दूधवाला म्हणाला, टीव्हीवाल्यांना अक्कल नाही. दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं, ते मी आप्पांना दाखवलं. लपवायचं आता काय उरलं होतं?

तू मला होय म्हण म्हणालीस. मी होय म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. तो अधिकार आप्पांचा, त्यांची चिठ्ठी सोबत आहे. मी वाचलेली नाही.

स्वेटर पुरा झाला, वेगळा पाठवतो.

तुझाच,
दादा

*(सोबतची चिठ्ठी)*

चि. टिचकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रसंग बघितला. गाणं होतं हे मला दादाने दुसऱ्या दिवशी सांगितलं. असेल. मला त्याचा उपद्रव झाला नाही.

तू बोलत होतीस. सगळं दिसलं. सदऱ्याचं दिसलं, शहाण्यांचं दिसलं. ओठ ताणले नाहीस, घाई केली नाहीस. खात्यात असतीस तर तुला दुसऱ्या दिवशीच मागावर घेतलं असतं. मी मोठ्याने बोललो म्हणतात. मला तसं काही जाणवलं नाही.

आता चूक सांगतो. पाणी घ्यायला वळलीस तेव्हा मान फिरली आणि एक अख्खं वाक्य गेलं. मान वळली की बोलणं गेलं, हे मी लिहून कळवलं होतं. दादा म्हणतो, तिथे “माझं चुकलं” असं होतं आणि ते सगळ्यांना आवडलं. ते तुझं नव्हतं. मला दिसलं नाही म्हणून मी माझं घातलं. तुझ्याकडे बघत होतो, जे मनात होतं ते तोंडात आलं. ते तुलाच म्हटलं आहे असं धर. लेखकाला नमस्कार सांगू नकोस. तुझं मूळ वाक्य काय होतं ते कळव.

अट अशी होती की काही गळता कामा नये. एक वाक्य गळलं. म्हणजे काम अपुरं राहिलं, आणि अपुरं काम टाकून उठायची आपल्या घरात पद्धत नाही. ग्रंथपालांसाठी भरून ठेवलेलं पाकीट फाडून टाक. मालिका सहापैकी पाच गेल्या असतील तर एक आहे. ती गेली की दोन वर्षांनी पहिली पुन्हा मोकळी होते. तुझं वय एकोणचाळीस आहे, माझं शहात्तर. मला वेळ आहे.

सोमवारी दहाला बाकावर जाऊन बस.

आप्पा